मोठेबाबांच्या कालव्याकाठी

शुक्रवार : नागपूर ते नवेगाव खैरी

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले बंधू. रामटेकला पाटबंधारे खात्यात ते आधी मोजणीदार आणि पुढे कालवा निरीक्षक होते, आणि नोकरीची सगळी वर्षे त्यांनी त्याच गावात राहून काढली. गेल्या पौषात ते गेले. त्यांच्या वह्या मोठीआईने एका ट्रंकेत भरून ठेवल्या होत्या. त्या वह्या बरोबर घ्याव्यात आणि ज्या कालव्यावर त्यांचे आयुष्य गेले तो धरणापासून शेवटच्या शेतापर्यंत एकदा नीट पाहावा, असे त्यांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, आणि मी अशा दोघांनी ठरवले. दिवस मुद्दाम आश्विनातले निवडले, कारण भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला शेवटचे पाणी याच सुमारास दिले जाते आणि कालवा वाहता असतो. कोरड्या कालव्यावरून मोठेबाबांचे काम समजले नसते.

सकाळीच नागपूर सोडले. कामठी मागे पडली, कन्हानचा पूल ओलांडला आणि पुढे महामार्ग सोडून आम्ही पारशिवनीकडे वळलो. दोन्ही बाजूंना हलके धान पिवळे पडू लागले होते, तर भारी धान अजून हिरवेगार उभे होते. दादाने गाडी हळू केली आणि रस्त्यालगतच्या बांध्यांकडे, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांकडे, पाहत म्हणाला, "बाबा असते तर आत्ता उतरले असते." मोठेबाबा खरोखरच उतरत. एस.टी.ने नागपूरला आमच्याकडे येतानाही ते खिडकीतून धानाचा रंग पाहत येत आणि घरात पाऊल टाकल्यावर, चहाच्या आधी, वाटेत कुठे पाणी कमी पडले आहे ते वडिलांना सांगत.

नवेगाव खैरीचे धरण पाहायला फारसे कोणी जात नाही. पर्यटकांची वाट तोतलाडोह आणि व्याघ्रप्रकल्पाकडे जाते. मात्र कालव्याचे काम समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात येथूनच करावी लागते. पेंच नदी मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून येते. दोन राज्यांच्या सीमेवर जंगलात तोतलाडोहचे मोठे धरण आहे. तेथे १६० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र असून जनित्रे फिरवून मोकळे झालेले पाणी खाली नवेगाव खैरीला पुन्हा अडवले जाते. येथून दोन कालवे निघतात. उजवा कालवा नागपूरच्या दिशेने जातो, आणि डावा पारशिवनी, रामटेक व मौदा तालुक्यांतील बांध्या भिजवत भंडारा जिल्ह्यात उतरतो. नागपूर शहराने आधी अंबाझरीचे, मग गोरेवाड्याचे, मग कन्हान नदीचे आणि शेवटी पेंचचे पाणी घेतले. आज शहराची तहान मुख्यतः याच धरणावर भागते. म्हणजे माझ्या घरातल्या नळाचे पाणी आणि मोठेबाबांनी आयुष्यभर वाटलेले पाणी एकाच जलाशयातले आहे.

ही गोष्ट त्यांनी मला लहानपणीच सांगितली होती, पण तिचा अर्थ कळायला २०१९ साल यावे लागले. छिंदवाडा जिल्ह्यात चौराई येथे पेंचवर वरच्या बाजूला धरण झाल्यावर तोतलाडोहकडे येणारा ओघ कमी झाला, त्यात त्या वर्षी पाऊस लांबला, आणि जुलैमध्ये नागपूरला दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. आमच्या वसाहतीत सगळे हवालदिल झाले होते. मोठेबाबांना तेव्हा निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. मी फोनवर गाऱ्हाणे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्याकडे दिवसाआड येते ना? इथे पऱ्हे वाळून राहिले आहेत. रोवणी करायची कशाच्या भरवशावर?" त्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. मागणाऱ्या दोघांचीही गरज खरी असते आणि पाणी मात्र एकच असते, हे त्यांनी इतकी वर्षे पाहिले होते; शहरातल्या पुतणीलाही ते दिसावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

डाव्या कालव्याच्या मुखाशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. दारांखालून सुटलेले पाणी फेसाळत होते आणि थोड्या अंतरावर निवळून संथ होत होते. संध्याकाळी रामटेकला पोचलो. मोठीआईने गोळाभात आणि कढी करून ठेवली होती. "किती वाळून राहिली गं तू," असे म्हणत तिने पहिला घास स्वतःच्या हाताने कालवून माझ्या ताटात ठेवला.

शनिवार : रामटेक, खिंडसी आणि कालव्याचा माथा

पहाटे गडावर गेलो. वाकाटकांच्या काळातली नरसिंहाची मंदिरे, वराहाची भव्य मूर्ती, वर रामाचे मंदिर, हे सर्व पाहिले. नवरात्रामुळे पायऱ्यांवर गर्दी होती. मोठेबाबा दर आठवड्याला गडावर येत. दर्शन झाले की तटावरून ते खाली पसरलेला मुलूख न्याहाळत, आणि कोणत्या गावाच्या शिवारात हिरवा रंग फिका पडला आहे ते ध्यानात ठेवून सोमवारी तिकडची फेरी आधी लावत. गडावरून एकीकडे खिंडसीचा विस्तीर्ण तलाव दिसतो. आजच्या दिवसाची खरी सुरुवात आम्ही तेथून केली.

खिंडसी म्हणजे सूर नदीवर १९१३ साली बांधून झालेले रामटेकचे धरण. मोठेबाबांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांत मोजणीदार म्हणून जे शिकायचे ते याच तलावाच्या कालव्यावर शिकले. पेंचच्या डाव्या कालव्यावर ते पुढे आले. तलावाच्या काठी धीवर बांधव होड्यांतून शिंगाडे काढत होते. उकडलेले शिंगाडे घेऊन आम्ही तलावाच्या बांधावर बसलो आणि पहिली वही उघडली.

त्या वह्यांविषयी नीट सांगायला हवे. खात्याची नोंदपुस्तके वेगळी असत आणि ती कचेरीतच राहत. या वह्या मोठेबाबांच्या स्वतःच्या होत्या. साध्या शाळकरी वह्या, निळी शाई, अक्षर बारीक आणि सरळ. डाव्या समासात तारीख आणि वेळ, मध्ये गेजचे, म्हणजे पाण्याची उंची दाखवणाऱ्या मोजपट्टीचे, वाचन, कोणते दार किती उघडले, पाऊस किती झाला, आणि शेवटी एखादी ओळ. "साखळी क्र. १४२ जवळ खेकड्याची बिळे. भरून घेतली." "वितरिकेत बेशरम फार वाढले. चार माणसे लागतील." "पुलाखाली पोत्यांचा आडवा बांध. काढला. कोणी टाकला ते विचारले नाही." साखळी म्हणजे कालव्यावरच्या अंतराची खूण, वितरिका म्हणजे मुख्य कालव्यातून निघणारा लहान कालवा, आणि बेशरम म्हणजे पाण्याकाठी माजणारे झुडूप. वर्षानुवर्षे, रविवार आणि सणवार न वगळता, असेच लिहिलेले आहे.

खेकड्याच्या बिळांची नोंद इतक्यांदा का यावी, असे वाचणाऱ्याला वाटेल. मातीच्या कालव्याचा भराव बाहेरून भक्कम दिसतो, पण खेकडे आणि घुशी त्याला आरपार भोके पाडतात. पाणी प्रथम बोटाएवढे झिरपते, झिरपताना बरोबर माती नेते, भोक रुंदावते, आणि एखाद्या रात्री भराव खचून भगदाड पडते. मग एकीकडची शेते वाहून जातात आणि दुसरीकडची वाळतात. म्हणून मोठेबाबा भरावाच्या बाहेरच्या बाजूने, खाली उतरून, गवतात ओल शोधत चालत. कालव्यावरच्या वाटेने सायकल नेणे सोपे होते, परंतु वरून ओल दिसत नाही. त्यांच्या हद्दीत एकदाही भगदाड पडले नाही, असे दादा म्हणाला. जे घडलेच नाही त्याची नोंद कोठेच होत नाही, आणि मोठेबाबांच्या कामाचा मोठा भाग अशा न घडलेल्या गोष्टींचा होता.

दुपारी पेंचच्या डाव्या कालव्यावरून निघणाऱ्या त्यांच्या वितरिकेच्या माथ्यावर गेलो. तेथे पाणी मोजण्यासाठी कालव्याचा गळा मुद्दाम आवळून सिमेंटचे बांधकाम केलेले आहे आणि त्याच्या कडेला मोजपट्टी बसवली आहे. मी शाळेत गणित शिकवते. त्या विषयाची गोडी मला याच मोजपट्टीने लावली. दिवाळीच्या सुटीत मी रामटेकला आले की मोठेबाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून येथे आणत. मी सहावी-सातवीत असेन, तेव्हा त्यांनी विचारले होते, "पट्टीवर पाणी एक फूट आहे. उद्या दोन फूट झाले, तर खाली पाणी किती पट जाईल?" मी अर्थातच दुप्पट म्हणाले. त्यांनी मान हलवली. अशा मापकातून जाणारे पाणी उंचीच्या दीडाव्या घाताने वाढते. उंची दुप्पट झाली की पाणी पावणेतीन पटींहून थोडे अधिक होते. "म्हणून," ते म्हणाले, "वरच्याने दार दोन बोटे जास्त उचलले तर खालच्याचे किती जाते, हे त्या वरच्याला समजावून सांगावे लागते. त्याला वाटते, दोनच बोटे तर घेतली."

त्यांच्याकडे अशी आणखीही गणिते होती. एक क्युसेक पाणी, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, चोवीस तास चालले तर जवळजवळ दोन एकरांत फूटभर पाणी उभे राहते; धानाला चार इंच पुरत असेल, तर तेच सहा एकरांना पुरते. मापक नसलेल्या ठिकाणी ते मोजलेल्या शंभर फुटांच्या अंतरात पळसाचे पान सोडत आणि घड्याळ धरत. पान पृष्ठभागावरून जाते आणि पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा अधिक असतो, म्हणून आलेल्या वेगाला ते ०.८५ ने गुणत आणि मग कालव्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने. पान सोडायचे काम माझे असे. आज दादाने पान सोडले आणि मी वेळ मोजली. आकडा काढून त्याला सांगितला, तेव्हा तो काही वेळ बोलला नाही. मोठेबाबा गेल्यापासून आम्ही त्यांच्याविषयी पुष्कळ बोललो होतो, परंतु त्यांनी शिकवलेले काही हाताने करून पाहिले नव्हते.

माथ्याच्या गावातले एक वयोवृद्ध शेतकरी आम्हाला पाहून बांधावरून आले. दादाला त्यांनी लगेच ओळखले. आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो, आणि त्यांनी जी हकीकत सांगितली ती मी त्यांच्याच शब्दांत देते, कारण माझ्या शब्दांत तिची धार जाईल.

"तुह्या मोठेबाबानं माह्या तोंडापुढून पानी नेलं, बाई. भादव्यात पावसानं दडी मारली होती. माहं धान गर्भात होतं. नहरीत पानी आलं, अन् माह्या दाराला कुलूप. तो कुलपापाशी सायकल लावून बसला होता. मी म्हनलो, साहेब, धान गर्भात आहे. तो म्हने, खालचंही गर्भातच आहे, अन् तुमच्या बांधीत अजून ओल आहे, सकाळी मी पाय घालून पाहिली. मले एवढा राग आला. तुमच्या घरी आमचं दूध जात होतं. दुसऱ्या दिवसापासून बंद केलं."

दादाला ते आठवत होते. त्या वर्षी घरात दूध दुकानातून येऊ लागले, आणि का ते मोठेबाबांनी कोणाला सांगितले नाही. पुढे काय झाले, असे मी त्या वृद्धांना विचारले. त्यांची पाळी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आली. मोठेबाबा स्वतः येऊन कुलूप उघडून गेले. धान हाती लागले. मळणी झाल्यावर ते दुधाची कासंडी घेऊन आपण होऊन रामटेकला गेले, तेव्हा मोठेबाबांनी त्यांना आधी मागच्या महिन्यांचा दुधाचा राहिलेला हिशेब चुकता करून दिला आणि मग चहा पाजला.

या हकीकतीमागचा नियम सांगितल्यावाचून ती पुरी कळत नाही. कालव्यावर पाणी वाटण्याच्या पद्धतीला शेजपाळी म्हणतात. मागणी अर्ज आले, मंजूर झाले, की प्रत्येकाचा क्रम, दिवस आणि तास ठरतात, आणि वाटप शेवटाकडून माथ्याकडे करत यायचे असते. टेलच्या शेतकऱ्याला प्रथम, माथ्याच्या शेतकऱ्याला शेवटी. कारण उघड आहे. कालवा माथ्यावाल्याच्या दारावरूनच जातो, त्यामुळे त्याला पाणी केव्हाही मिळू शकते. वरून घेत घेत खाली गेले तर टेलला पोचेपर्यंत काही उरत नाही. शिवाय कोरडा मातीचा कालवा पहिले पाणी स्वतःच पिऊन टाकतो. म्हणून पाणी जोरात असताना ते एकदम तळाशी नेऊन पोचवावे लागते. कागदावर हा नियम साधा दिसतो. प्रत्यक्षात, पावसाने ओढ दिली असताना, वाळत्या शेताच्या मालकासमोरून भरलेला कालवा दूरच्या अनोळखी गावाकडे जाऊ देणे ही फार कठीण गोष्ट आहे, आणि तो नियम पाळला जातो की नाही हे शेवटी रात्री कालव्यावर कोण उभे आहे यावर अवलंबून असते. माझ्या मोठेबाबांचे मोठेपण मला येथे दिसते.

रविवार : टेल

टेलचे गाव मौदा तालुक्यात आहे. मोठेबाबा तेथवर सायकलने जात; आम्ही गाडीने गेलो तरी मधल्या कच्च्या वाटेने वेळ लागला. वितरिका या टोकाशी अगदी लहान होते. माथ्यावर जिथे माणूस बुडेल एवढे पाणी होते, तिथे शेवटी एका ढांगेत ओलांडता येईल असा पाट उरतो. पुढे तर पाटही नाही. धानाच्या मुलखात पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाते, त्यामुळे शेवटच्या शेताला पाणी मिळणे हे वरच्या प्रत्येक शेजाऱ्याच्या हातात असते.

गावातील पाणी वापर संस्थेचे सचिव भेटले. वय पन्नाशीच्या आतबाहेर. शेतकऱ्यांच्या अशा संस्थांना २००५ च्या कायद्याने पाणी वाटपाचे अधिकार मिळाले, आणि संचालकांत माथा, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना सारखे प्रतिनिधित्व द्यावे लागते. सचिव म्हणाले की कायदा आला तेव्हा सभेत तो समजावून सांगायला मोठेबाबाच आले होते, आणि सगळ्यात मागे बसलेल्या टेलवाल्यांना त्यांनी उठवून पुढच्या सतरंजीवर बसवले होते.

मी त्यांना माथ्यावर ऐकलेली हकीकत सांगितली. त्यांनी त्या वर्षाची दुसरी बाजू सांगितली. ते तेव्हा शाळेत होते. भादव्याचे ऊन, बांध्यांना भेगा, आणि वर पाणी सोडले आहे असे ऐकू येत होते पण ते येत नव्हते. तिसऱ्या रात्री त्यांच्या वडिलांनी त्यांना उठवून पाटावर नेले. लांबून एक विजेरी हलत येताना दिसली. मोठेबाबा पाण्याच्या पुढे पुढे चालत येत होते. वाळलेल्या पाटात साठलेला काडीकचरा ते काठीने बाजूला करत होते, एखाद्या फुटक्या जागी चिखलाचा थापा मारत होते, आणि त्यांच्या मागून पाणी सावकाश येत होते. सचिवांचे वडील धावत जाऊन त्यांच्या पाया पडू लागले, तेव्हा मोठेबाबा म्हणाले, "आधी ते खालचे मोकळे करा, तिकडे पाणी अडून राहिलं आहे."

आम्ही त्या वर्षाची वही काढली. भाद्रपदातल्या त्या तारखेसमोर एवढेच आहे : "रात्री ३.२० वा. टेल. पाणी कमी पण पोचले. दोन ठिकाणी गळती." त्याखाली पुढच्या दिवसांच्या पाळ्या आहेत, एकेका गावाने वर सरकत गेलेल्या. सर्वांत शेवटी माथ्याच्या त्या वृद्ध शेतकऱ्यांची पाळी, तासासह.

आणि मग सचिवांनीच वहीची मागची पाने उलटली. मी आणि दादाने ती आधी पाहिली नव्हती. कालवा निरीक्षकाला पाणी चोरणाऱ्यांचे पंचनामे करावे लागत. ते खात्याच्या कागदांत असत. मोठेबाबांच्या स्वतःच्या वह्यांत मागच्या पानांवर वेगळीच यादी होती. शीर्षक असे : "वेळेआधी दार बंद करणारे." पाळीचे तास अजून शिल्लक असताना, आपल्या बांध्या भरल्या हे पाहून, ज्यांनी स्वतः होऊन दार लावले आणि उरलेले पाणी पुढे जाऊ दिले, त्यांची नावे तेथे होती. पुढे गाव, तारीख आणि किती तास आधी. दोन तास. पाऊण तास. एके ठिकाणी पाच तास, आणि पुढे कंसात "विहिरीवर भागवतो म्हणाला". प्रत्येक वहीच्या शेवटी अशी यादी आहे. काही वर्षी ती दोन पानांची, कोरड्या वर्षी चार-पाच नावांचीच.

सचिवांनी बोट ठेवत नावे वाचली. बहुतेक माणसे आता हयात नाहीत. एका नावावर ते थांबले. ते त्यांच्या वडिलांचे होते, त्याच कोरड्या वर्षाच्या यादीत. तीन रात्री ज्याची वाट पाहिली ते पाणी दाराशी आल्यावर, पाळी सरायच्या तासभर आधी त्या माणसाने दार लावले होते. "बाबांनी हे घरी कधीच सांगितलं नाही," सचिव म्हणाले. ती बातमी त्यांना त्यांच्या वडिलांनी नव्हे, माझ्या मोठेबाबांनी दिली, आणि तीही दोघांच्या पश्चात.

मोठेबाबांनी ही यादी कशासाठी ठेवली असेल, याचा मी परतीच्या वाटेवर पुष्कळ विचार केला. बक्षिसासाठी नव्हे, त्यांच्या हातात तसे काही नव्हते. दादाचे म्हणणे असे की पुढच्या वर्षी पाळ्या ठरवताना त्यांना याचा उपयोग होत असावा : कोणाच्या वर कोणाला ठेवले तर पाणी उरते, हे त्यांना त्यातून कळे. मला ते पटते. त्यांचा स्वभाव उपयोगाचा होता. पण मला असेही वाटते की दिवसभर भांडणे आणि गाऱ्हाणी ऐकून घरी आलेल्या माणसाला रात्री कंदिलापाशी, पुढे विजेच्या दिव्यापाशी, ही नावे लिहिताना समाधान मिळत असले पाहिजे. मोठीआईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मागून लिहायला घेतले की ते गुणगुणत बसायचे. मला वाटायचे, हिशेब जुळला असेल."

संध्याकाळी तिने पाटवड्यांचा रस्सा केला. माथ्यावरच्या त्या शेतकऱ्यांकडून आलेल्या दुधाचा चहा झाला. ती व्यवस्था अजून चालू आहे. आता त्यांचा नातू दूध आणतो.

सोमवार : नागपूर

सकाळी निघताना मोठीआईने वह्या देताना एकच अट घातली, की मूळ वह्या ट्रंकेत परत आल्या पाहिजेत. संस्थेच्या सचिवांना त्यांच्या प्रती हव्या आहेत. त्यात जिव्हाळ्याचा भाग आहेच, पण व्यवहारही आहे. वितरिकेत कोणत्या साखळीला किती पाणी झिरपते, माथ्यावर इतका गेज ठेवला तर टेलला पाणी किती तासांनी पोचते, कोणत्या महिन्यात बेशरम कापले तर वर्षभर पाट मोकळा राहतो, याची इतकी वर्षे सलग ठेवलेली नोंद त्यांना दुसरीकडे कोठे मिळणार नाही. संस्थेचे नवे संचालक तरुण आहेत. पाणी टेलला पोचायला लागणारा वेळ ते अंदाजाने धरतात आणि त्यामुळे पाळ्या चुकतात, असे सचिव सांगत होते.

दुपारी सीताबर्डीत एका झेरॉक्सच्या दुकानात वह्या दिल्या. पाने जुनी असल्याने यंत्रात घालू नका, एकेक काचेवर ठेवून काढा, असे सांगून मी तेथेच बसून राहिले. गेजचे आकडे मी संगणकावर तक्त्यात उतरवणार आहे, म्हणजे माथ्यावरची उंची आणि टेलला पोचण्याचा वेळ यांचा संबंध आलेखावर काढता येईल. दहावीच्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी मदतीची तयारी दाखवली आहे. मागच्या पानांवरच्या याद्या मात्र मी तक्त्यात घालणार नाही. त्यांची वेगळी प्रत काढली आहे आणि गावांप्रमाणे नावे लावून ती त्या त्या घरी पोचवावी, असे दादाचे आणि माझे ठरले आहे. काम मोठे आहे, कारण गावे पुष्कळ आहेत आणि काही घरे आता नागपूरला, पुण्याला पांगली आहेत.

१५ ऑक्टोबरचा धरणातला साठा जाहीर झाला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि रब्बीला किती पाळ्या मिळतील ते ठरते. त्यानंतर टेलच्या संस्थेची सभा आहे. सचिवांनी दादाला आणि मला बोलावले आहे, आणि तोवर निदान शेवटच्या पाच वर्षांचे आकडे तयार ठेवा, असे बजावून सांगितले आहे.